नायटा आणि घाणेरडेपणाचा आरोप

नायटा झालेल्या ऊसतोड बाईला पहिला प्रश्न येतो: 'रोज आंघोळ करतेस का?' गरीब, खेडवळ माणसं स्वच्छ राहत नाहीत म्हणून त्यांना बुरशी होते, हा समज शिकलेल्यांतही घट्ट बसलाय. तो चुकीचा आहेच, शिवाय अन्यायाचा आहे.

बुरशीला ओलावा, ऊब आणि घर्षण लागतं. पहाटे अंधारात फडात उतरलेली बाई दुपारपर्यंत घामाने निथळते. परकराची नाडी कमरेला काचते, तिथेच चकंदळ उठतं: कड लाल, उंच, मधे निवळलेलं. मजुरांच्या तळावर पाणी डोक्यावरून आणायचं, न्हाणीला आडोसा नाही. धुतलेला परकर चारचौघांत वाळत घालायचा संकोच, म्हणून तो साडीखाली दडतो आणि दमटच अंगावर चढतो. यात आळस कुठे आहे?

दुसरा आक्षेप जरा सभ्य: औषधं सगळीकडे मिळतात, हेच लोक मधेच सोडतात. पण मिळतं काय? मेडिकलवाला चिठ्ठी न विचारता देतो ती ट्यूब, बहुतेकदा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड मिसळलेली. स्टेरॉइडने दाह दबतो, दोन दिवसांत खाज थांबते, बाईला वाटतं गुण आला. बुरशी मात्र पसरत राहते. पुढे चकंदळाची कड पुसट होऊन डॉक्टरही फसतो, कातडी पातळ पडते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गावच्या दुकानात ती आजही सहज मिळतात, आणि याचा जाब पेशंटलाच विचारला जातो!

त्यात टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला दाद न देणारी बुरशी आली. २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदवले गेले. तिच्यावर इट्राकोनाझोल कित्येक आठवडे घ्यावं लागतं. शहरातला पगारदार त्वचारोगतज्ज्ञाकडे पुन्हा पुन्हा जाऊ शकतो. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या बाईचा एक दिवस गेला की खाडा धरला जातो. लागण दोघांनाही होते. बरं व्हायची सवड एकालाच मिळते. खरी विषमता इथे आहे.

म्हणून उपदेश थांबवून साखर कारखान्यांनी तळावर पाणी आणि न्हाणीघरं द्यावीत. मेडिकलच्या काउंटरवर कायदा पाळला जावा. प्राथमिक आरोग्य केंद्राने पूर्ण मुदतीच्या गोळ्या फुकट द्याव्यात, आणि बाईबरोबर तिच्या कोपीतल्या, म्हणजे झोपडीतल्या, प्रत्येक बाधिताला एकाच वेळी द्याव्यात. तिचं चकंदळ गेलं आणि शेजारी निजणाऱ्या पोराचं राहिलं, तर महिन्याभरात ते तिच्या कमरेवर परत येतं.