सांध्याला वजन नसते

लोखंडी कामाचा भाव आपल्याकडे किलोवर ठरतो. गोदामाची शेड असो की पादचारी पूल, कंत्राटदार माल, कटिंग, वेल्डिंग, रंग असा सगळा खर्च एकाच दरात बसवतो आणि बिल निघते काट्याच्या पावतीवर. गोम इथेच आहे. टनावारी लोखंडात वेल्डिंगच्या धातूचे वजन अगदी किरकोळ भरते. म्हणजे बांधकाम जिथे तुटू शकते, नेमक्या त्या जागेचे आपण जवळपास काहीच देत नाही. निदान सार्वजनिक कामांत तरी वेल्डिंगचा दर वजनातून बाहेर काढावा, असे माझे म्हणणे आहे.

किलोच्या भावात पहिला बळी जातो तो रॉड वाळवण्याचा. भार पेलणाऱ्या कामाला ७०१८ सारखे कमी हायड्रोजनचे रॉड वापरतात. त्यांच्यावरचा लेप हवेतला ओलावा शोषतो. आर्कच्या उष्णतेत त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या पोलादात मुरतो आणि सांधा थंड झाल्यावर त्याच्या कडेच्या कडक पट्ट्यात चीर पाडतो. ही चीर लगेच पडत नाही. तिला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. म्हणून जाड पोलादाच्या कामात तपासनीस ४८ तास थांबूनच सांधा तपासतो. उपाय साधा आहे: रॉड तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सिअसला तासभर भाजायचे, गरम पेटीतून कामावर न्यायचे आणि बाहेर काढल्यावर साधारण चार तासांत संपवायचे. कोकणातल्या जुलैत उघड्या पुड्यातला रॉडही पेटतो, ठिणग्या उडतात, स्लॅग झाडल्यावर खालची रेघ चकचकीत दिसते. डोळ्यांना फरक कळत नाही, काट्याला तर नाहीच.

एवढ्याशा सांध्याने काय बिघडते, याचे उत्तर उत्तर समुद्रात मिळाले आहे. २७ मार्च १९८० रोजी ‘अलेक्झांडर कीलँड’ हा नॉर्वेचा तरंगता तळ वादळात उलटला आणि त्यावरच्या २१२ जणांपैकी १२३ जण गेले. एक आडवा दांडा तुटला, त्यापाठोपाठ इतर दांडे तुटले आणि पाचांपैकी एक पाय निखळला. चौकशीत मूळ सापडले ते फक्त ६ मिलिमीटरच्या एका सांध्यात. पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राचा आधार त्या दांड्याला जोडण्यासाठी तो मारलेला होता. तळाचा भार पेलण्याशी त्याचा काही संबंध नव्हता. चिरेच्या आत रंग आढळला, म्हणजे तळ समुद्रात उतरण्याआधीच ती पडलेली होती आणि रंगाऱ्याने नकळत झाकली होती.

यावर म्हणतील, क्ष-किरण तपासणी आहे की. आहे, पण ती वायूची छिद्रे जितकी सहज दाखवते तितकी मिटलेली, तिरकी चीर दाखवत नाही. शिवाय कोपऱ्यातल्या फिलेट सांध्याला ती फारशी लागूच पडत नाही आणि आपल्या ट्रसमध्ये भरणा असतो तो याच सांध्यांचा. रोबोट येतील, हाही मुद्दा निघतो. मोटारींच्या कारखान्यात ते आलेच आहेत, पण तिथे छप्पर असते आणि तोच तो सुटा भाग दिवसभर समोर येतो. भर वाऱ्यात, उंचावर, डोक्यावरच्या जोडावर रॉड चालवायला माणूसच चढतो. वेल्डिंगचा दर वजनाऐवजी मीटरवर दिला तर लोक उगाच लांब वेल्डिंग मारतील, हा आक्षेप मात्र रास्त आहे. जादा वेल्डिंगने लोखंड वाकते, ताणही वाढतो. म्हणून पैसे नकाशात दाखवलेल्या लांबी-जाडीचेच द्यावेत, वर मारलेल्याचे नाहीत.

छोट्या कंत्राटदाराला हे झेपेल का? खिडकीच्या ग्रिलला यातले काही नको, तिथे किलोचा भाव खुशाल चालू द्या. पुलाला मात्र हवे, आणि रॉडची भट्टी पुलाच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही. वेल्डरच्या कौशल्य चाचणीची तरतूद भारतीय मानकांत आहेच. तिचा खर्च कुणी उचलायचा एवढेच अडते, आणि किलोच्या दरात त्याला जागा नाही. निविदा काढणाऱ्या अभियंत्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी दोन रकाने वाढवावेत: वेल्डिंगचा स्वतंत्र दर आणि प्रत्येक सांध्यापुढे तो मारणाऱ्या वेल्डरचा चाचणी क्रमांक.