राउटर बंद पडला म्हणजे फेकू नका



खते, बियाणे आणि फवारणी यांवर आपण या सदरात नेहमीच बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. पिंगळी आणि आसपासच्या गावांत आता बऱ्याच घरांत इंटरनेटची पेटी, म्हणजे राउटर, आला आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान व पीक सल्ला, पीकविम्याचा अर्ज, मुलांचे परीक्षेचे फॉर्म ही कामे त्यावरच होतात. ही पेटी ऐन अखेरच्या तारखेला बंद पडली तर दुष्काळात तेरावा महिना! तेव्हा अर्जाची निकड असेल तर आधी मोबाईलचा हॉटस्पॉट लावून काम उरकावे. दुरुस्ती सावकाश करावी.

राउटर 'अपडेट' केल्यावर सुरूच होत नाही, अशी तक्रार अनेक जण करतात. असे का होते? राउटरच्या आत एक लहानशी स्मृती असते. तिच्यात दोन प्रकारच्या आज्ञा लिहिलेल्या असतात. पहिली अगदी छोटी, यंत्राला जागे करणारी. तिला बूटलोडर म्हणतात. दुसरी मोठी, सगळे काम चालवणारी. तिला फर्मवेअर म्हणतात. अपडेट करताना जुने फर्मवेअर पुसून नवे लिहिले जाते. याला काही मिनिटे लागतात. नेमकी त्याच वेळी लाइट गेली, की लिखाण अर्धवट राहते आणि पेटी अडून बसते. मात्र बूटलोडरला बहुधा धक्का लागलेला नसतो. पीक गेले तरी जमीन शाबूत आहे, असाच हा प्रकार. म्हणून पेटी भंगारात टाकण्याची किंवा लगेच नवी घेण्याची घाई करू नये. पुढील क्रमाने पाहावे.

१) एकही दिवा लागत नसेल तर दोष अपडेटचा नसून अ‍ॅडाप्टरचा असण्याची शक्यता अधिक. दुसरा अ‍ॅडाप्टर लावून पाहावा. मात्र त्यावरचे व्होल्ट तेवढेच हवेत, अ‍ॅम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात. पिनेचा आकार आणि अधिक-उणे यांची खूणही जुळली पाहिजे. ९ व्होल्टच्या पेटीला १२ व्होल्ट दिले तर चांगली पेटीही जळेल.

२) दिवे लागतात, पण वाय-फायचे नाव दिसत नाही, अशा वेळी पंधरा मिनिटे हात लावू नये. काम आतून चालू असू शकते. काही राउटरमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर ते आपोआप दुसरीवर येतात. त्यानंतर वीज काढून दहा मिनिटांनी पुन्हा लावावी.

३) तरीही नाही, तर मागचे 'रिसेट'चे बारीक छिद्र टाचणीने दहा सेकंद दाबून धरावे. यात साठवलेली सर्व माहिती पुसली जाते हे ध्यानात ठेवावे. फायबर कंपनीने दिलेली पेटी असेल तर हा उपाय करू नये. तिचे फर्मवेअर बहुधा कंपनीच दुरून बदलते. आधी कंपनीला कळवावे. स्वतः विकत घेतलेली पेटी वॉरंटीत असेल तर पावतीसह दुकानात न्यावी.

४) आता खरा उपाय. यासाठी संगणक आणि लॅनची वायर लागते. गावातल्या संगणक जाणणाऱ्या मुलाला सोबत घ्यावे. राउटरची वीज बंद करून रिसेट दाबून धरावे आणि तसेच धरून वीज चालू करावी. दिवा संथपणे लुकलुकू लागला की बहुधा बूटलोडर जागा झाला आहे. डी-लिंकच्या पुष्कळ राउटरमध्ये यानंतर संगणकावर १९२.१६८.०.१ हा पत्ता (इंग्रजी आकड्यांत) टाकला, की फाइल चढवण्याचे पान उघडते. त्यासाठी संगणकाला त्याच मालिकेतला, शेवटचा आकडा वेगळा असलेला पत्ता हाताने द्यावा लागतो. आसुसचा याच कामाचा स्वतःचा प्रोग्राम आहे. टीपी-लिंकचे बरेच राउटर उलट दिशेने चालतात. ते १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे फाइल मागतात, म्हणून संगणकाला तो पत्ता देऊन त्यावर टीएफटीपी नावाचा छोटा प्रोग्राम चालू ठेवावा.

फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. पेटीच्या तळाशी लेबल असते. त्यावरचे मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही फाइलशी तंतोतंत जुळली पाहिजेत. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचल्याशिवाय आपण पेरत नाही, तसेच हे. चुकीची फाइल चढली तर उरलासुरला बूटलोडरही जाऊ शकतो.

यानेही जमले नाही, तर आतील चिप वेगळ्या यंत्राने लिहावी लागते. हे काम जाणकार मेकॅनिकचे. स्वस्त पेटीसाठी तो खर्च परवडतो का, हे आधी विचारून घ्यावे.

मग अपडेट करूच नये काय? तसे नाही. अपडेटमुळे सुरक्षेतली छिद्रे बुजतात. २०१७ च्या जुलै महिन्यात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रामने बंद पाडले होते. कारखान्यातून आलेला 'अ‍ॅडमिन' हा परवलीचा शब्द ज्यांनी बदललेला नव्हता, अशी यंत्रे त्यात सापडली. तेव्हा शब्द बदलणे आणि अपडेट करणे, दोन्ही हवेच. फक्त वेळ पाहून करावे.

भारनियमनाची वेळ टाळावी. आभाळ भरून आले असेल, विजा चमकत असतील, तर अपडेट दुसऱ्या दिवशी ठेवावे. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्यावर घ्यावा. नसेल तर राउटरपुरता लहान बॅटरी-संचही मिळतो. अपडेट वाय-फायवरून न करता लॅनच्या वायरीने करावे. इंटरनेट कंपनीने दिलेले नाव आणि परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा, म्हणजे रिसेटनंतर धावपळ होत नाही. अर्जाची अखेरची तारीख जवळ असताना तर चालत्या पेटीला हात लावूच नये.

घरातल्या सर्वांना, विशेषतः मुलांना, एवढे सांगून ठेवावे : अपडेट चालू असताना बटण बंद करायचे नाही. ही काही मिनिटे सांभाळली तर वरचे बहुतेक उपाय करण्याची पाळीच येणार नाही.