बाप्तिस्मा एका दिवसाचा, साधना जन्माची

नाताळचा सण जवळ आला की आपल्या वृत्तपत्रांतून ख्रिस्ती समाजाविषयी दोन प्रकारचा मजकूर हटकून वाचावयास मिळतो. एक असतो तो चर्चवरील रोषणाईचा, गव्हाणीच्या देखाव्याचा आणि फराळाचा. दुसरा असतो धर्मांतराच्या वादाचा. पहिला मजकूर सणापुरता असतो, दुसरा बाराही महिने चालू राहतो. या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. ख्रिस्ती झालेला, किंवा ख्रिस्ती घरात जन्मलेला मनुष्य आपल्या श्रद्धेत पुढे वाढतो कसा? त्याच्या घरी सोमवार ते शनिवार काय घडते?

भाविक हिंदू कुटुंबांना हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की मनुष्य वारकरी म्हणविला जातो. पण माळ घालणे ही एका दिवसाची गोष्ट आहे आणि वारी ही जन्माची. माळ घातल्यावर जिभेवरचा ताबा, एकादशीचा नेम, दारी आलेल्याचा मान, हे सारे रोज नव्याने मिळवावे लागते. बाप्तिस्म्याचेही तसेच आहे. वाद झडतात ते त्या एका दिवसावर. धर्म जगला जातो तो उरलेल्या दिवसांत. सांप्रतच्या चर्चेत हा विवेक सुटला आहे, आणि त्यामुळे आपल्याच शेजाऱ्याची आपल्याला ओळख होत नाही.

ओव्यांची भूमी

बीड जिल्ह्यातून पाहिले म्हणजे हा विषय अधिक स्पष्ट दिसतो. परळीचे वैद्यनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी आणि बीडचा कंकालेश्वर यांची ही भूमी. मराठीतील आद्य ग्रंथांत ज्याची गणना होते, त्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईस दाखविली जाते. दासोपंतांची कर्मभूमीही हीच. कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिणाऱ्या आणि ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ओवीग्रंथ रचणाऱ्या या सत्पुरुषाने १६१५–१६ च्या सुमारास देह ठेवला.

योगायोग असा की त्याच १६१६ साली गोमंतकात राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या धर्मगुरूने येशूचे चरित्र सांगण्यासाठी मराठी भाषा निवडली, ओवी हा छंद निवडला आणि पुराणाची धाटणी निवडली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. परदेशातून आलेला धर्म मराठी मनात रुजवावयाचा तर रोज ओठांवर बसेल असा छंद हवा, हे त्यांनी ओळखले होते. श्रद्धा एकदा ऐकल्याने वाढत नाही, रोज म्हटल्याने वाढते, हे आपल्या संतांचेही सूत्र.

बीडच्या परिसरात ख्रिस्ती धर्म आला तो मात्र गोव्याहून नव्हे, शेजारच्या जिल्ह्यांतून. पश्चिमेस अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. उत्तरेस जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेथेल ही वसाहत उभारली. बीड त्या काळी निजामाच्या राज्यात होते, आणि १९४८ पर्यंत राहिले. कॅथलिक पंथीयांपुरते पाहिले तर मराठवाड्यासाठी औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. जिल्ह्यात ही वस्ती आजही थोडीच आहे.

दुष्काळाच्या भाकरीनंतर

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात ख्रिस्ती होणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. त्यांतील बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरचे होते. भाकरीसाठी धर्म बदलला, असे तेव्हाही म्हटले गेले. भुकेचा त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मिशनच्या अहवालांतूनही माणसांची मोजदादच अधिक होई. पण ज्या समाजाने विहिरीचे पाणी नाकारले होते, त्या समाजाने भाकरीचा हिशोब मागावा, हेही शोभत नाही. खरा प्रश्न वेगळा आहे. दुष्काळ सरला, धान्य स्वस्त झाले, तरी पुढच्या पिढ्यांनी सायंप्रार्थना का सोडली नाही? भाकरीने आणलेला मनुष्य भाकरी मिळाल्यावर परत जाऊ शकला असता. जे राहिले, त्यांना कशाने धरून ठेवले?

याचे उत्तर तीन थोर मराठी चरित्रांत सापडते. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण पुढे आपली साक्ष लिहिताना त्यांनी सांगितले की, दीक्षेनंतर कित्येक वर्षे आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या विदुषीचे हे बोल आहेत. दीक्षा झाली म्हणजे साधना संपली नाही, किंबहुना तेथून ती सुरू झाली, हा त्यांचा अनुभव. केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये दुष्काळातून वाचविलेल्या मुली व विधवा यांच्यासाठी त्यांनी जी व्यवस्था घडविली, तीत प्रार्थनेइतकेच शेत, माग आणि छापखाना यांना स्थान होते. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी स्वतः केलेले बायबलचे मराठी भाषांतर तेथेच छापले गेले.

दुसरे चरित्र रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे ते म्हणत. त्यांनी भजने रचली, कीर्तने केली आणि परदेशी चालींवर गायल्या जाणाऱ्या उपासनेला अभंगाची वाट दाखविली. त्यांची गीते आजही मराठी ख्रिस्ती घरांत ‘उपासना संगीता’तून म्हटली जातात.

तिसरे चरित्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत बोधक. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळे पाळीत राहिल्या. त्यांचे मन कोणा उपदेशकाच्या व्याख्यानाने पालटले नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या भांड्यापाशी, माणसामाणसांतील भेद देवाने केला की माणसाने, हा विचार करता करता ते पालटले. आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या हिंदू गृहिणींनाही ही बाई परकी वाटत नाही, ती याचमुळे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्याचे बळ फारसे शिक्षण नसलेल्या या स्त्रीला त्या रोजच्या साधनेने दिले.

घरातील नेम

ख्रिस्ती घरातील नित्यनेम आपल्या देवघराच्या शिस्तीहून फार दूरचा नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, बायबलमधील एखाद्या अध्यायाचे वाचन, जेवणापूर्वी अन्नदात्याचे स्मरण. कॅथलिक घरांत रोझरीची जपमाळ फिरते. प्रॉटेस्टंट घरांत वाचन आणि गायन यांवर भर असतो. नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, म्हणजे वाट पाहण्याचे. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस उपवासाचे व आत्मपरीक्षणाचे. उत्पन्नातील दशांश देवाकार्यासाठी बाजूस काढण्याची चाल पुष्कळ घरांत आहे.

पण या नेमांतील सर्वांत कठीण भाग उपवासाचा नाही, क्षमेचा आहे. येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत भक्त देवाजवळ क्षमा मागतो, ती आपण इतरांना केलेल्या क्षमेच्या मापाने मागतो. हे माप रोज हाती घ्यावे लागते. भावकीत बांधाचा तंटा आहे, सासू-सुनेत अबोला आहे, उसने दिलेले पैसे बुडाले आहेत, आणि रात्री तीच प्रार्थना म्हणावयाची आहे. श्रद्धेतील वाढ मोजावयाची तर येथे मोजावी लागते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा साधक होता. त्याच्याकडे स्वयंपाकघराचे काम होते. भांड्यांच्या खडखडाटात देव जितका जवळ असतो, तितकाच तो वेदीपुढे असतो, अशी त्याची धारणा होती. बीडच्या पूर्वेस गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाईंना हे सांगण्याची गरज पडली नसती. दळताकांडता विठ्ठल त्यांच्या जात्यापाशी येऊन बसत होता. तेरचे गोरोबा चिखल तुडविताना आणि अरणचे सावतोबा मळ्यात खुरपताना त्याच देवाला भेटत होते.

फडातली कसोटी

आता बीडच्या वर्तमानाकडे वळू. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पाचटाच्या कोपीत संसार मांडला जातो. भल्या पहाटे तोड, रात्री-अपरात्री मोळ्या भरणे. ज्या श्रमिक जातींतून मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळी आली, त्याच जातींचे हात येथे कोयता चालवितात. मंदिर गावी राहते, चर्चही गावीच राहते. नाताळ आणि संक्रांत दोन्ही फडातच उजाडतात.

या फडात आठवड्याची सुटी नाही. खाडा झाला तर पैसे कापले जातात. बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक विश्रांतीची आहे, आणि तीत मालकाबरोबर चाकराला, परक्याला व बैलालाही विसावा सांगितला आहे. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवीत नाहीत, तो याच धर्मबुद्धीचा आविष्कार. मग बाईच्या खांद्यावरची मोळी उतरविण्यासाठी कोणता सण आहे?

हा प्रश्न अलंकारिक नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढावे लागते, आणि शेवटी शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो, अशी ही साखळी. या स्त्रियांच्या दुखण्याला धर्माचे नाव नाही. पण भक्ती रोजच्या जीवनात उतरते की नाही, याची परीक्षा सर्वच धर्मांना येथे द्यावी लागेल. गव्हाणीत जन्मलेल्या बालकाची पूजा करणाऱ्याला कोपीत जन्मलेले मूल दिसले पाहिजे. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्यालाही ते दिसले पाहिजे.

श्रद्धेची किंमत

या श्रद्धेची एक व्यावहारिक किंमतही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी जोडला गेला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध यांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलितांना तो नाही. याचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दर्जा द्यावा की न द्यावा, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद आहेत. जातिभेद न मानणाऱ्या धर्मात जातीची सवलत कशी, असा एक पक्ष. चर्चमध्ये आणि गावात जात सुटत नाही, हा दुसऱ्या पक्षाचा अनुभव. मात्र लाभासाठीच धर्म धरला जातो, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, मराठवाड्यातील पुष्कळ गरीब कुटुंबांनी हा धर्म उघडपणे पाळताना लाभ गमावला आहे.

बीडला लागूनच असलेल्या उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवात, जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एका धर्मगुरूच्या निवडीस काहींनी विरोध केला होता. तरीही संत गोरोबांच्या जिल्ह्यात संमेलन पार पडले. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढणारे दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. स्टीफन्सपासून चालत आलेली वाट अशी मराठवाड्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचली.

तात्पर्य, शेजारच्या ख्रिस्ती घराकडे पाहताना तेथे कोण केव्हा आले, एवढेच विचारून थांबू नये. तेथे रोज काय म्हटले जाते, कोणाला क्षमा केली जाते, कोणासाठी ताट वाढले जाते, हेही पाहावे. आणि हाच प्रश्न आपल्या देवघरालाही विचारावा. यंदाच्या नाताळात केकमध्ये जी साखर पडेल, तीच संक्रांतीच्या तिळगुळानंतर सत्यनारायणाच्या शिऱ्यातही पडेल. ती बीडच्या कोणा बाईने तोडलेल्या उसाची असण्याचा संभव पुष्कळ आहे. तिच्या विसाव्याची काळजी वाहणे हा दोन्ही घरांना सारखाच सुचणारा नेम ठरावा. सर्व वाचकांस नाताळच्या शुभेच्छा.