पास झालं म्हणजे काय झालं?

परवा शनिवारी सायखेड्याला मामाकडे गेलो होतो. कांद्याची ट्रॉली भरलेलीच होती, मामा म्हणाला चल काट्यावर. भरल्या ट्रॅक्टरचं वजन झालं, बाजारात माल उतरला, मग मोकळा ट्रॅक्टर परत काट्यावर. आकडा आला ३४८०. मामाने खिशातून डायरी काढली, मागचं पान बघितलं आणि मान हलवली.

"काय बघताय मामा?"

"आपल्या ट्रॉलीचं मोकळं वजन मला ठाऊक आहे ना. चिखलाचं, डिझेलचं चाळीस-पन्नास किलो इकडंतिकडं. त्याच्यापुढं गेलं की काट्यात खोट."

काट्याला यंदाची फेरपडताळणी झाल्याचा शिक्का होता. मामाने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. (मोकळ्या ट्रॉलीवरून भरल्या वजनाचं सगळं कळत नाही, मान्य. पण काही न बघण्यापेक्षा लाखपटीने बरं!)

आणि मला आमची ईएमसी टेस्ट आठवली. च्यायला, चार इंजिनिअर होतो आम्ही तिथे, एकाकडेही डायरी नव्हती.

ज्यांना ईएमसी माहीत नाही त्यांच्यासाठी: आपलं यंत्र हवेत किती रेडिओ-कचरा फेकतं आणि बाहेरचा कचरा किती सहन करतं, हे मोजायचं. घरगुती वापराच्या वस्तूला ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये १० मीटरवर ३० डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटरची मर्यादा असते. म्हणजे मीटरला जेमतेम ३२ मायक्रोव्होल्ट. एवढंसं मोजायला अँटेना, लांब केबल, रिसीव्हर, आणि प्रत्येकाची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये भरलेली.

आमचा एक छोटा गेटवे होता. लॅबमध्ये ७ डीबीच्या फरकाने पास! पेढे वाटले. परदेशी ग्राहकाने तोच नग दुसऱ्या लॅबमध्ये नेला, तर ५ डीबीने फेल. पहिल्या लॅबमध्ये शोधाशोध झाली तेव्हा कळलं की अँटेनाच्या केबलच्या कनेक्टरची मधली पिन आत सरकली होती. अँटेनाचं सर्टिफिकेट चालू, रिसीव्हरचं चालू. "सर, सगळं कॅलिब्रेटेड आहे, स्टिकर बघा ना." बघितलं. स्टिकर खरंच छान होतं.

इथे माझं भांडण सुरू होतं. कॅलिब्रेशन म्हणजे त्या दिवशी, त्या टेबलावर ते उपकरण किती चुकत होतं याची नोंद. आज सकाळी ही सगळी साखळी मिळून बरोबर मोजतेय का, हा प्रश्नच वेगळा. आणि ईएमसीत गंमत अशी की मेलेलं उपकरण नेहमी पास करतं! केबल तुटली, तर कचरा दिसत नाही: पास. स्थिर विजेच्या पिस्तुलातून ठिणगीच पडत नसेल, तर तुमचं यंत्र दगडासारखं शांत: पास. फेल झालं तर ग्राहक भांडतो, चार वेळा मोजायला लावतो. पास झाल्यावर कुणी पुन्हा मोजा म्हणालेलं ऐकलंय?

आपल्या धंद्यातलंच बघा. शून्य टेस्ट चालल्या, शून्य फेल, बिल्ड हिरवं. आपण त्याला हसतो. मग लॅबच्या रिपोर्टला फ्रेम का करतो?

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. ठरलेल्या फ्रीक्वेन्सींना ठरलेला सिग्नल देणारी डबी, तिला कोम्ब जनरेटर म्हणतात, टेबलावर ठेवायची आणि कालच्या आलेखाशी आजचा ताडून बघायचा. पाच-दहा मिनिटं. पिस्तुलाचं तर त्याहून सोपं: आधी अर्थिंगची पट्टी बघा, मग पट्टीवर ठिणगी पाडून बघा. आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीतही मधल्या तपासण्या सांगितल्या आहेत, पण "गरज असेल तेव्हा". या तीन शब्दांच्या पळवाटेतून अख्खी ट्रॉली जाते हो.

लॅबवाले म्हणतात, तासाचं बिल असतं, ग्राहक थांबत नाहीत. खरंय. थांबत नाही तो मीच होतो. मला शुक्रवारी रिपोर्ट हवा होता, सत्य नको होतं.

आणि हे फक्त आपल्या गॅजेटपुरतं नाही बरं का. मामाच्या काट्याखालच्या लोडसेलचा सिग्नल पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्ट. ६० टनाच्या काट्याला हिशोब केला तर १० किलो म्हणजे तीन-साडेतीन मायक्रोव्होल्ट. शेजारी वॉकीटॉकी वाजला तर? म्हणूनच आर ७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीत (२००६) मीटरला १० व्होल्टच्या क्षेत्रात काटा तपासायला सांगितलंय: आकडा एका विभागापेक्षा जास्त हलायला नको, हललाच तर काट्याने स्वतः ते ओळखायला हवं. ती टेस्ट अशाच एखाद्या लॅबमध्ये होते. तिथे अॅम्प्लिफायर झोपला असेल तर काटा मस्त पास!

हल्ली मी माझी स्वतःची डबी बॅगेत घेऊन जातो. आधी ती टेबलावर, आकडा वहीत, मग आमचा नग. लॅबवाले तोंडं वाकडी करतात. मागच्या खेपेला आकडा ४ डीबीने कमी आला. मी जोरात बोललो, त्यांनी निमूट केबल बदलली, अँटेना बदलली, पाऊण तास गेला. शेवटी माझ्याच डबीची बॅटरी उतरलेली निघाली. सॉरी म्हटलं, चहा पाजला, बॅटरी बदलून परत मोजलं.