गिटारचं ओझं

लग्नाच्या बँडमधला गिटारवाला रात्री किती वेळ उभा असतो, ह्याचा हिशेब नाचणाऱ्यांनी कधी केलेला नसतो. रिसेप्शन संपेपर्यंत चार तास सहज जातात, आणि तेवढा वेळ त्याच्या डाव्या खांद्यावर चार-साडेचार किलोचं लाकूड न् धातू लोंबकळत असतो. आमच्या भागातले पन्नाशीतले दोघे-तिघे तर आता स्टुलावर बसूनच वाजवतात. त्यांना म्हणावं, गिटारचं वजन कमी करून घ्या, तर उत्तर ठरलेलं : "जड गिटारलाच आवाज असतो!"

मला हे पटत नाही.

मुळात इलेक्ट्रिक गिटार भरीव झाली कशासाठी? पोकळ गिटारला पिकअप लावून स्पीकरसमोर उभं राहिलं की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, पोट थरथरतं, ती थरथर पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते आणि सगळं घुमायला लागतं. ते टाळायला लेस पॉल ह्या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास पाइनच्या चार इंची चौकोनी तुकड्यावर तारा चढवल्या, आणि गिटारसारखं दिसावं म्हणून दुसऱ्या एका पोकळ गिटारचे दोन अर्धे त्याच्या दोन्ही बाजूंना लावले. म्हणजे भरीवपणा आला तो घुमणं थांबवायला. वजन हा त्याच्याबरोबर आलेला पाहुणा. आपण त्याला घरचा यजमान करून टाकलं!

मिरजेचा तानपुरा बघा. एवढा थोरला भोपळा, पण आतून पोकळ, म्हणून उचलायला हलका. भोपळा भरीव असता तर जवारी जास्त खुलली असती, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. (तिथे आवाज हवेतून येतो, इथे पिकअपमधून, हे मान्य. पण वजनाची भक्ती दोन्हीकडे सारखीच निरर्थक.)

गिटार बनवणाऱ्या कंपन्यांनीसुद्धा ही भक्ती कधी केली नाही. फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला पोटाकडून आणि कोपराकडून खोलगट छाटलं. १९६८ मध्ये, हलकं अ‍ॅश लाकूड मिळेनासं झालं तेव्हा, टेलिकास्टर आतून कोरून थिनलाइन काढली. गिब्सनने १९६१ मध्ये बॉडीच पातळ केली, पुढे १९८० च्या दशकात लेस पॉल मॉडेलच्या पोटात नऊ भोकं पाडली आणि २००६ च्या सुमारास सरळ कप्पे कोरायला सुरुवात केली. त्या भोकांना लोक चिडवून 'स्विस चीज' म्हणायचे. कोरल्याने आवाजात फरक पडतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण ड्रम, कीबोर्ड आणि दोनशे माणसांचा गलका चालू असताना तो फरक ओळखणारा कान मला अजून भेटायचा आहे.

मात्र म्हणून लगेच ड्रिल घेऊन धावू नका. जरा आकडेमोड करा. एक इंच रुंद आणि दीड इंच खोल भोकातून सुमारे १९ घन सेंटिमीटर लाकूड निघतं. महोगनी असेल तर साधारण ११ ग्रॅम. अशी नऊ भोकं म्हणजे १०० ग्रॅम! एवढ्यासाठी गिटारचं पोट फाडायचं?

त्याआधी धातूकडे बघावं. तारा अडकवायचा मागचा जाड दांडा, ज्याला टेलपीस म्हणतात, तो बहुतेक स्वस्त गिटारींवर जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तोच अ‍ॅल्युमिनियमचा घेतला तर वजन निम्म्याहून कमी होतं, कारण धातूच तितका हलका. वरच्या खुंट्यांचंही तसंच. जाड ओतीव खुंट्यांच्या जागी जुन्या पद्धतीच्या पत्र्याच्या हलक्या खुंट्या बसवल्या की मानेच्या टोकावरचा भार उतरतो. हा भार महत्त्वाचा, कारण नुसती बॉडी हलकी केली तर मान खाली झुकते आणि डावा हात वाजवायचा सोडून गिटार सावरत बसतो. १९६१ च्या त्या पातळ गिब्सनची ही खोड प्रसिद्धच आहे. शिवाय साडेतीन इंच रुंद चामडी पट्टा घ्यावा. वजन तेवढंच राहतं, पण खांद्यात रुतत नाही. आणि हे सगळे बदल उद्या नको वाटले तर उलटवताही येतात.

एवढं करूनही भागलं नाही तर मग लाकूड. ४५ मिलिमीटर जाडीची बॉडी मागून पाच मिलिमीटर रंधली की तिचं नववा हिस्सा लाकूड जातं, साधारण २०० ग्रॅम. भोकांपेक्षा हे कितीतरी फायद्याचं. त्याहून जास्त मात्र नको, नाहीतर स्प्रिंगांचा खड्डा आणि व्हॉल्यूमची बटणं उघडी पडतील. जुन्या, मूळ स्थितीतल्या किमती गिटारला हात लावू नये. ती विकून हलकी घ्यावी. कारखान्यातली साधी गिटार असेल तर खुशाल रंधावी, पण गिटार उघडून आतले खड्डे बघितल्याशिवाय कुठल्याही मेस्ताच्या हातात देऊ नये, तो दाराच्या फळीसारखी सपाट करून देईल.

आणि आपल्याकडे हे काम पावसाळ्यात काढू नये. उघडं पडलेलं लाकूड जुलैच्या हवेत पाणी पितं, आणि ओल्या लाकडावर पॉलिश धरत नाही. दिवाळीनंतर कोरड्या हवेत रंधून, त्याच आठवड्यात सीलरचे दोन हात द्यावेत. मे महिन्यातल्या लग्नांपर्यंत ती खांद्यावर घ्यायला तयार होते.