सिस्टरचे शिकणे ड्युटीतच हवे

आयसीसीयूत पहाटे तीन वाजता मॉनिटरवरची लय बिघडते, तेव्हा ती आधी दिसते सिस्टरला. व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन असेल आणि छाती दाबणेही सुरू झाले नसेल, तर विजेचा शॉक मिळेपर्यंतच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. डॉक्टर जिना चढून येईपर्यंतचा वेळ तिच्याच हातात असतो.

हे अमेरिकेत १९६०च्या दशकातच उमगले होते. फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हृदयविभागातल्या परिचारिकांना लय वाचायला आणि डॉक्टरची वाट न पाहता शॉक द्यायला शिकवले. न्यूयॉर्कच्या डॉ. किलिप आणि डॉ. किंबॉल यांनी १९६७ मध्ये आपल्या विभागातल्या २५० रुग्णांचा अनुभव मांडला. प्रशिक्षित परिचारिकांना तातडीचे उपचार करण्याची मुभा मिळाल्यावर, ज्यांचे रक्ताभिसरण कोलमडलेले नव्हते अशा रुग्णांतले मृत्यू २६ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. मॉनिटर तर आधीही होतेच.

आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचे शिक्षण ठरवले आहे. नियम चांगला आहे. पण सभागृहात बसून व्याख्याने ऐकली तरी हे तास भरतात, आणि हाताचे कसब तर सहा महिन्यांतच उतरू लागते. शास्त्रही थांबत नाही. २०१० मध्ये जीवनरक्षणाचा क्रमच बदलला. आधी श्वासमार्ग होता, आता आधी छाती दाबायची. २०१५ पासून वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली पाच ते सहा सेंटिमीटर. हे वाचून हातात येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर घाम गाळावा लागतो.

तो घाम सिस्टरने सुट्टीच्या दिवशी, पदरचे पैसे खर्चून का गाळावा? कॅथलॅबसाठी कोट्यवधी रुपये उभे करणाऱ्या रुग्णालयाला एक पुतळा जड नाही. दर तीन महिन्यांनी वॉर्डातच अर्ध्या तासाचा सराव ठेवावा, तो ड्युटीत धरावा आणि तेवढा वेळ तिचे रुग्ण सांभाळायला दुसरी सिस्टर द्यावी. खरी अडचण या शेवटच्या अटीची आहे, कारण माणसेच कमी आहेत. म्हणून ही जबाबदारी व्यवस्थापनाने घ्यावी, एकट्या इन-चार्ज सिस्टरवर ढकलू नये.

तालुक्याच्या रुग्णालयांना तर याची गरज अधिक. छातीत दुखत आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांत काढायचा असतो. तिथे हृदयरोगतज्ज्ञ नसतो. एसटी रेषा उंचावलेली सिस्टरने तिथेच ओळखली, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची तयारी आणि रुग्णवाहिकेचा फोन दोन्ही एकाच वेळी सुरू होतात.