गंमत कोणाची?

फेब्रुवारी 1988 मधील एक छायाचित्र फुटबॉलप्रेमींना ठाऊक असेल. लिव्हरपूलचा जॉन बार्न्स हा जमैकात जन्मलेला कृष्णवर्णीय खेळाडू एव्हर्टनच्या मैदानावर उभा आहे. प्रेक्षकांतून कुणीतरी त्याच्या पायाशी केळे फेकले आहे आणि तो ते टाचेने बाहेर सारीत आहे. हे छायाचित्र आम्ही धर्मग्रामातील युवकांना दाखविले, तेव्हा सर्वांनी एकमुखाने युरोपला दोष दिला. गोऱ्यांचा माज, साम्राज्याची मस्ती, असे बरेच काही बोलले गेले. ते खोटे नव्हे. परंतु या छायाचित्राचे एक भावंड मुंबईचे आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते.

ऑक्टोबर 2007 मध्ये ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ आपल्याकडे आला होता. त्या संघातील अँड्र्यू सायमंड्स हा अंशतः आफ्रो-कॅरिबियन वंशाचा, तान्हेपणीच दत्तक गेलेला. वडोदऱ्यात प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढून त्याची हेटाळणी केली. 14 तारखेला नागपुरात त्याने नाबाद 107 धावा काढल्या. आपल्यापैकी काही जण अमरावती-अकोल्याहून तो सामना पाहावयास गेलेही असतील. 17 तारखेला वानखेडेवर पुन्हा तेच आवाज, तेच हावभाव. छायाचित्रकारांनी ते टिपले, म्हणून नाकारता आले नाहीत. 2022 मध्ये सायमंड्स मोटार अपघातात गेला, तेव्हा आपल्याकडे त्याच्या षटकारांचे पुष्कळ गुणगान झाले.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : ‘आपण स्वतःच गोऱ्यांचे बळी, आपण कसला वर्णद्वेष करणार? ती निव्वळ गंमत!’ आम्हाला हे मुळीच मान्य नाही. ज्याने मार खाल्ला तो मारीत नाही, असे कोणी सांगितले? शतकापूर्वी पुण्यात बाळू पालवणकरांच्या गोलंदाजीवर सामने जिंकणारे त्यांचेच सहकारी त्यांना चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत होते. ते कोणी गोरे नव्हते. आणि जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला वंशावरून हिणविले, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले, तेव्हा आपण सारे संतापलो. त्या दिवशी ती गंमत नव्हती!

अमरावतीकरांना तर हे अधिक कळावयास हवे. 1936 मध्ये येथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिनला भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आर्यवंशाचे स्तोम माजविणाऱ्या त्याच नगरीत, त्याच ऑलिंपिकमध्ये, जेसी ओवेन्स या कृष्णवर्णीय धावपटूने चार सुवर्णपदके जिंकली. आज ईशान्य भारतातील मुले-मुली शारीरिक शिक्षणासाठी अमरावतीत येतात. त्यांतील काही रविवारी मिस्साला आपल्याच बाकांवर बसतात. बाजारात त्यांना कोणत्या नावाने हाका मारल्या जातात, हे कधी त्यांना विचारून पाहावे. आम्ही विचारले आहे. ते शब्द या पानावर छापण्याजोगे नाहीत.

आता आमच्याच अंगणातले. गेल्या वर्षी धर्मग्रामांच्या फुटबॉल सामन्यात समोरच्या संघाचा गोलरक्षक सावळा होता, खरे तर चांगलाच काळा. आमची मुले त्याला ‘कोळसा’ म्हणत होती. चेंडू त्याच्याकडे गेला की एकजण माकडासारखा ओरडे आणि बाकीचे हसत. आम्ही मांडवात खुर्चीवर बसलो होतो. आम्हीही हसलो. बक्षीस घ्यावयास तो मुलगा आला तेव्हा त्याने मान वर केली नाही, आणि आम्ही त्याचा हात हाती घेऊन ‘छान खेळलास’ म्हणालो. मागे मंदिरात संत मार्टिन दे पोरेस यांची तसबीर आहे. 1962 मध्ये संतपद मिळालेल्या त्या पेरूच्या कृष्णवर्णीय ब्रदरपुढे आम्ही दर 3 नोव्हेंबरला मेणबत्ती लावतो.

त्या मुलाच्या घरी आम्ही नंतर जाऊन आलो. आई दारातच म्हणाली, ‘फादर, त्याने खेळणं सोडलं.’

येत्या डिसेंबरच्या सामन्यांसाठी आम्ही एक नियम केला आहे : ज्या संघाच्या बाजूने असा आवाज येईल, त्या संघाचा सामना तेथेच संपला, मग ती आमचीच मुले का असेनात. तीन पालकांना हा नियम जाचक वाटतो, असे निरोप आले आहेत. त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्हाला अवश्य भेटावे. त्या मुलाच्या आईलाही आम्ही बोलाविले आहे.